व्होलाजचं बिल

पोर्ट ब्लेअरला गेलं की मराठी माणूस आधी सेल्युलर जेल बघतो, आम्हीपण तेच केलं, तात्यारावांच्या कोठडीसमोर उभं राहिलो, आणि मग संध्याकाळी कॉर्बिन्स कोव्हच्या बीचवर निघालो. त्या रस्त्याला समुद्राच्या कडेने जपानी बंकर आहेत, बुटके, काँक्रीटचे, समुद्राकडे तोंड करून एक आडवी फट ठेवलेली. ड्रायव्हर म्हणाला "जपान टाइम का है" आणि फोटोसाठी गाडी थांबवली. घरचे बाहेर फोटो काढत होते तेव्हा मी आत वाकून त्या फटीला डोळा लावला. दिसतं काय तर समुद्राची एक पट्टी, बास. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच, की या पट्टीत कधी कोणी आलं होतं का? म्हणजे जपान्यांनी एवढं सगळं बांधून ठेवलं, ते कुणावर चाललं तरी का?

चाललं. १९ मार्च १९४५ ला. आणि त्या दिवशी समोर ज्या तीन बोटी होत्या त्यातली एक, एचएमएस व्होलाज, तिच्या मागे मी गेले कित्येक महिने लागलोय. घरी सगळे वैतागलेत. तेव्हा इथे लिहून मोकळा होतो.

आधी थोडं मागचं. अंदमान मार्च १९४२ मध्ये जपान्यांच्या हातात गेलं, नेताजी १९४३ च्या डिसेंबर अखेरीला तिथे येऊन झेंडा फडकवून गेले हे आपल्याला माहीत असतं, पण त्यानंतरची दोन वर्षं आपल्या डोक्यात कोरी असतात. इंग्रज परत आले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर. मधल्या काळात ब्रिटिश आरमार श्रीलंकेच्या त्रिंकोमालीहून अधूनमधून यायचं, टेहळणी करायचं, मिळेल ते जपानी जहाज बुडवायचं आणि किनाऱ्यावर तोफा डागून परत जायचं.

तर त्या दिवशी सोमारेझ, रॅपिड आणि व्होलाज या तीन विनाशिका पोर्ट ब्लेअरपाशी आल्या. विनाशिका म्हणजे डिस्ट्रॉयर, मराठी शब्द ऐकायला भीषण वाटतो पण प्रत्यक्षात ही लांबुळकी, पातळ पत्र्याची, पळण्यासाठी बनवलेली बोट. व्होलाजची लांबी ३६३ फूट, चार ४.७ इंची तोफा, आठ टॉर्पेडो, आणि पोटात चाळीस हजार हॉर्सपॉवरची स्टीम टर्बाइनं. वेग साधारण ३६ नॉट म्हणजे ताशी पासष्ट किलोमीटरच्या वर, पाण्यावर, ऐंशी वर्षांपूर्वी. चिलखत मात्र जवळपास नाहीच. लागलं की आरपार. त्यामुळे अशा बोटीने किनाऱ्यावरच्या तोफांशी भांडायला जाणं हा तसा उद्योगच म्हणायचा, किनारा काही बुडत नाही, बोट बुडते.

झालंही तेच. जपानी तोफांनी रॅपिडला नेमकं पकडलं, ती जागच्या जागी ठप्प झाली, बरीच माणसं गेली. व्होलाजलाही मार बसला. शेवटी रॅपिडला दोर लावून तोफांच्या टप्प्याबाहेर ओढून काढावं लागलं. ही दोर लावून ओढण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे आणि ह्याच दोघी, सोमारेझ आणि व्होलाज, त्यात असणार आहेत.

आठवड्याभरातच, २६ मार्चला, व्होलाज परत अंदमानच्या पूर्वेला. या वेळी सोमारेझ, व्होलाज, व्हिरागो आणि व्हिजिलंट, चार विनाशिका, आणि समोर दोन मालवाहू जपानी बोटी आणि त्यांच्याबरोबर दोन छोट्या पाणबुडीविरोधी नौका. म्हणजे एकदम सोपा पेपर. तर यांनी एवढा दारूगोळा उडवला, एवढे टॉर्पेडो सोडले, की शेवटी विमानंही मदतीला घ्यावी लागली, तेव्हा कुठे सगळं बुडलं. फ्लोटिलाचा, म्हणजे विनाशिकांच्या ताफ्याचा, कॅप्टन मॅनली पॉवर या नेमबाजीवर चांगलाच उखडला होता. मला हा भाग फार आवडतो कारण आरमारी इतिहासात सगळे कायम अचूक मारतात असं वाटत असतं. पुढे मे मध्ये याच पॉवरने पाच विनाशिका घेऊन पेनांगजवळ हागुरो ही जपानची जडशीळ क्रूझर (विनाशिकेहून बरीच मोठी युद्धनौका) रात्रीच्या अंधारात टॉर्पेडो मारून बुडवली, १६ मे १९४५, आणि त्याचं नाव झालं. त्या पाचात सोमारेझ होती. व्होलाज नव्हती. नशीब एकेकाचं.

बाय द वे व्होलाज हा शब्द फ्रेंच, अर्थ चंचल, उडाणटप्पू स्वभावाची. युद्धनौकेला हे नाव कोणी ठेवावं, पण व्ही अक्षराने सुरू होणारी नावं हवी होती, त्यात हे बसलं. आइल ऑफ वाइटच्या काउज गावी जे. सॅम्युअल व्हाइट यांच्या यार्डात ती बांधली, डिसेंबर १९४३ मध्ये पाण्यात उतरली, १९४४ च्या मे मध्ये आरमारात दाखल झाली आणि पहिले काही महिने तिकडे उत्तरेला होम फ्लीट म्हणजे ब्रिटनच्या घरच्या ताफ्याबरोबर गेले. ही झाली जन्मपत्रिका.

आता मुख्य गोष्ट. युद्ध संपून वर्ष झालंय, २२ ऑक्टोबर १९४६. जागा, ग्रीसचं कॉर्फू बेट आणि अल्बानियाचा किनारा यांच्यामधली चिंचोळी खाडी. ही वाट युद्धानंतर सुरुंगमुक्त म्हणून जाहीर झालेली, जहाजं ये-जा करत होती. पण मे महिन्यात तिथून जाताना ओरायन आणि सुपर्ब या दोन ब्रिटिश क्रूझरवर अल्बानियाच्या किनाऱ्यावरून तोफा चालल्या होत्या. एनव्हर होजाचं नवं कम्युनिस्ट सरकार, इंग्रजांशी वाकडं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ज्या चार बोटी पाठवल्या त्या नुसत्या जायचं म्हणून गेल्या नव्हत्या, अल्बानिया आता नीट वागायला शिकलंय का ते बघायला गेल्या होत्या. हे मी म्हणत नाही, साधारण याच शब्दांत आरमाराचा संदेश होता आणि तो पुढे कोर्टात वाचला गेला. साहेबाचा तोरा बघा, शाळेतल्या पोराबद्दल बोलल्यासारखा.

पुढे मॉरिशस नावाची क्रूझर, तिच्यामागे सोमारेझ, मग लिअँडर ही दुसरी क्रूझर आणि तिच्यामागे व्होलाज. तोफांची तोंडं किनाऱ्याकडे नाहीत, बोटीच्या रेषेत ठेवलेली, म्हणजे आम्ही भांडायला आलो नाही असं दाखवायला, पण तोफांवर माणसं मात्र तयार. दुपारी २ वाजून ५३ मिनिटांनी, सारांडा गावासमोर, सोमारेझच्या खाली सुरुंग फुटला.

हे सुरुंग कसे असतात ते मला आधी नीट माहीत नव्हतं. लोखंडी गोळा, आत सुमारे ३०० किलो स्फोटकं, तो तळाशी असलेल्या वजनाला तारेने बांधलेला आणि पाण्याखाली काही फुटांवर तरंगत राहिलेला. गोळ्याला बाहेरून शिशाची शिंगं असतात. शिसं मऊ, त्यामुळे बोट घासली की शिंग वाकतं, आत एक काचेची नळी असते ती फुटते, नळीतलं आम्ल खाली बॅटरीच्या पट्ट्यांवर पडतं, आणि तोपर्यंत मेलेली बॅटरी त्या क्षणी जिवंत होऊन ठिणगी देते. म्हणजे सुरुंग वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिला तरी त्याची बॅटरी उतरत नाही, कारण ती चालूच झालेली नसते. ज्याने शोधलं त्याचं डोकं भारी, आणि त्याच्या डोक्याची भीतीपण वाटते.

सोमारेझला आग लागली, पुढचा भाग खाली बसायला लागला. व्होलाजला हुकूम आला, जा, दोर लाव आणि ओढून आण. व्होलाजचा कमांडर रेजिनाल्ड पॉल. त्याला माहीत होतं की जिथे एक सुरुंग असतो तिथे दुसरा असणार, तरी गेला. मधेच अल्बानियाच्या बाजूने एक बोट आली, त्यांचा झेंडा आणि सोबत पांढरं निशाण लावलेली, आणि विचारती झाली की इथे काय करताय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, नंतर वाटलं की हसण्यासारखं काही नाही यात.

दोर लागला, ओढणं सुरू झालं, आणि सव्वाचारच्या सुमाराला व्होलाजच्या नाळेखाली दुसरा सुरुंग फुटला. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपले कोळी हाच शब्द वापरतात. ती नाळच उडाली. खराब झाली, वाकली असं नाही, पुढचा तुकडा तोफेच्या अलीकडेपर्यंत गायब, जणू कोणी करवतीने कापून नेलं. आतून बंद असलेल्या पोलादी भिंतींमुळे पाणी पुढे शिरलं नाही म्हणून ती तरली.

आणि मग ही नाक नसलेली बोट काय करते, तर उलटी चालायला लागते. पुढे तोंड करून गेली तर पाण्याच्या दाबाने ती उरलेली भिंतपण फुटेल, म्हणून मागच्या मागे. आणि तशी उलटी चालत, परत सोमारेझला दोर लावून, तिलाही शेपटीकडून ओढत, एक जळणारी आणि एक तुटलेली अशा दोघी रात्रभर कॉर्फूकडे सरकत राहिल्या. पहाटे पोचल्या. दोन्ही बोटी मिळून ४४ माणसं गेली, ४२ जखमी, बहुतेक सोमारेझवरची.

महिन्याभराने, १२ आणि १३ नोव्हेंबरला, ब्रिटिशांनी अल्बानियाला न विचारता त्यांच्या पाण्यात घुसून ती वाट परत झाडून काढली आणि २२ सुरुंग निघाले, जर्मन बनावटीचे, रंग ताजा, शेवाळ-शिंपले फारसे नाहीत. म्हणजे जुने युद्धातले उरलेले नव्हेत, नुकतेच कोणीतरी टाकलेले.

प्रकरण गेलं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. त्या कोर्टासमोरचा हा पहिलाच खटला, कायद्याचे विद्यार्थी आजही कॉर्फू चॅनल केस म्हणून घोकतात. सुरुंग नक्की कोणी टाकले ते सिद्ध झालंच नाही. ब्रिटिशांचं म्हणणं युगोस्लाव्हियाने टाकले, कोर्टाला पुरावा पुरेसा वाटला नाही. मग प्रश्न उरला की अल्बानियाला माहीत होतं का. यासाठी कोर्टाने नेव्हीतले तज्ज्ञ थेट सारांडाला पाठवले, जानेवारी १९४९ मध्ये, आणि त्यांनी किनाऱ्यावर रात्री उभं राहून बघितलं की खाडीत बोट आली तर दिसते का. तिथे टेकडीवर सेंट जॉर्जचा मठ आहे, तिथून वगैरे. त्यांचं मत पडलं की पहारा नेहमीसारखा असेल तर सुरुंग टाकणारे दिसायलाच हवेत. बास, याच्यावर निकाल. ९ एप्रिल १९४९, ११ विरुद्ध ५ मतांनी अल्बानिया जबाबदार, कारण माहीत असून इशारा दिला नाही. आणि त्याच निकालात ब्रिटिशांनाही चपराक, की नोव्हेंबरमध्ये न विचारता घुसून सुरुंग काढलेत ते अल्बानियाच्या सार्वभौमत्वाचं उल्लंघन होतं. मला हा निकाल फार बॅलन्स्ड वाटतो, कदाचित पहिला खटला असल्यामुळे सगळे जपून होते.

मग बिल. डिसेंबर १९४९ मध्ये कोर्टाने रक्कम ठरवली. सोमारेझ दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती, म्हणून तिचे ७,००,०८७ पौंड. मेलेल्या-जखमी माणसांचे मिळून ५०,०४८. आणि व्होलाजच्या दुरुस्तीचे ९३,८१२ पौंड. एकूण ८,४३,९४७. यातली गंमत म्हणजे कोर्टाने परत तज्ज्ञांकडून हिशेब तपासून घेतला तर त्यांच्या मते सोमारेझची किंमत ब्रिटिशांनी मागितली त्यापेक्षा जास्त निघाली, पण मागितलं त्याच्यावर देता येत नाही म्हणून तेवढेच मंजूर. (माणसांचा आकडा बोटीच्या आकड्याशेजारी ठेवून बघितला की कसंतरी होतं, पण हिशेब हिशेबासारखाच असतो.)

सोमारेझ भंगारात गेली. व्होलाजला नवीन नाळ बसली. आणि मग तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो होतो.

युद्धाच्या अगदी शेवटी जर्मनांनी टाइप २१ नावाची पाणबुडी काढली होती. आधीच्या पाणबुड्या खऱ्या अर्थाने पाणबुड्या नव्हत्याच, वरून चालायच्या आणि लपायला खाली जायच्या, आणि खाली वेग सात-आठ नॉट. ही नवीन पाण्याखालून सतरा नॉटच्या आसपास पळायची, कारण तिचं अर्धं पोट बॅटऱ्यांनीच भरलेलं. ती जर्मनांच्या फारशी कामाला आली नाही, पण काही रशियाच्या हाती लागल्या आणि लंडनला घाम फुटला. कारण त्यांच्याकडे पाणबुड्या शोधायला ज्या बोटी होत्या त्यांचा स्वतःचा वेग वीसच्या आतबाहेर. सतरावालीला पकडायला वीसवाली कशी पाठवणार, समुद्र जरा खवळला तर तेवढापण वेग मिळत नाही.

नवीन बोटी बांधायला पैसे नाहीत, युद्धाने तिजोरी रिकामी. पण बंदरात काय आहे, तर युद्धात घाईने बांधलेल्या डझनावारी विनाशिका, ज्यांच्या तोफा आता विमानांसमोर जुन्या झाल्या पण इंजिनं धडधाकट आणि वेग ३६ नॉट. मग कोणाच्यातरी डोक्यात आलं की वरचं सगळं काढून टाका आणि खालचं ठेवा. याला टाइप १५ म्हणतात. डेकच्या वरचं अक्षरशः सगळं कापलं, तोफा, टॉर्पेडो, चिमणीच्या आजूबाजूचं, ब्रिज, आणि त्या उघड्या पाठीवर नवीन घर बांधलं, ॲल्युमिनियमचं, बोटीच्या पूर्ण रुंदीचं. ॲल्युमिनियम कशाला तर वर वजन झालं की बोट कलंडते. हे आपल्याकडे जुन्या वाड्याचं जोतं तसंच ठेवून वर नवं बांधतात त्यातलाच प्रकार.

खलाशांच्या दृष्टीने दोन बदल मोठे. एक, जुन्या विनाशिकेवर पुढच्या भागातून मागे जायचं तर उघड्या डेकवरून जावं लागायचं, वादळात कमरेला दोर बांधून. आता पुढचा डेक मागेपर्यंत वाढवल्यामुळे आतूनच जाता यायचं. आणि दुसरं, कॅप्टन. तो आधी उघड्या ब्रिजवर दुर्बीण घेऊन भिजत उभा असायचा. आता त्याची जागा आत, अंधाऱ्या खोलीत, रडार आणि सोनारच्या (पाण्याखालचा आवाज ऐकून पाणबुडी शोधणारं यंत्र) टेबलांमध्ये. बाहेरचा समुद्र तो बघतच नाही. मला वाटतं जुन्या माणसांना हे पचायला जड गेलं असणार.

शस्त्रांचं सांगायचं तर मागे एक ४ इंची जोडतोफ, विमानांसाठी एक बोफर्स तोफांची जोडी, आणि पाणबुडीसाठी मॉर्टर, बहुतेकांवर लिंबो, काहींवर आधीचं स्क्विड. लिंबूटिंबू आठवतं नाव ऐकून, पण हत्यार जहरी. जुन्या पद्धतीत बोट पाणबुडीच्या डोक्यावर जायची आणि मागून डेप्थ चार्जचे पिंप टाकायची, पण नेमक्या त्या शेवटच्या क्षणी सोनारला पाणबुडी ऐकू यायची बंद व्हायची, म्हणजे वार आंधळाच. लिंबोच्या तीन नळ्या हजार यार्डांपर्यंत बॉम्ब फेकायच्या, बोट लांबच राहते, सोनारचा कान पाणबुडीवरून हटतच नाही.

रॉयल नेव्हीने अशा २३ विनाशिका फ्रिगेट, म्हणजे पाणबुड्या शोधणाऱ्या बोटी, केल्या, व्होलाज त्यातली एक, आणि तिच्या व्ही वर्गातल्या रॉयल नेव्हीत उरलेल्या पाचही. युद्धात तिच्या अंगावर आर ४१ लिहिलेलं असायचं, आता एफ ४१. आकडा तोच, अक्षर बदललं. आणि पोर्ट ब्लेअरला जिला ओढून बाहेर काढलं होतं ती रॅपिडपण टाइप १५ झाली. या रॅपिडचा पुढचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७१ मध्ये तिची आणि कॅव्हेलियर नावाच्या जुन्या विनाशिकेची शर्यत लावली, चौसष्ट मैलांची, नेव्हीत सगळ्यात वेगवान कोण म्हणून. दोघी म्हाताऱ्या तीस नॉटच्या वर पळाल्या. रॅपिड हरली ती बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून, नाहीतर काय सांगावं. अंदमानात ठप्प झालेलं तेच इंजिनरूम, सव्वीस वर्षांनी.

तशा रॅपिडच्या वर्गातल्या तीन बहिणी आपल्याकडेही आल्या, १९४९ मध्ये, राजपूत, रणजित आणि राणा. त्यांना फ्रिगेट केलं नाही, शेवटपर्यंत विनाशिकाच राहिल्या, आणि १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमबाहेर पाकिस्तानी पाणबुडी गाझी बुडाली त्या रात्री डेप्थ चार्जचे पिंप टाकणारी ती हीच राजपूत. म्हणजे एकाच वर्षी एक बहीण तिकडे शर्यत पळतेय आणि दुसरी इकडे पाणबुडीच्या मागे.

व्होलाजच्या वाट्याला फ्रिगेट झाल्यावर काही थरारक आलं नाही. टाइप १५ ही मुळात तात्पुरती सोय होती, मग अणुशक्तीच्या पाणबुड्या आल्या आणि त्यांचा वेग बघून ही सोयपण जुनी झाली, नव्या फ्रिगेट येत गेल्या, जुन्या राखीव फळीत बांधल्या गेल्या. व्होलाजही तशीच बाजूला पडली आणि १९७० च्या दशकात भंगारात गेली. गॅस कटरने तुकडे. जुनं पोट, मधली नवी नाळ आणि वरचं ॲल्युमिनियमचं घर, तिन्ही तीन काळातले, एकाच ढिगात.

आणि तरी तिच्या नाळेचे ९३,८१२ पौंड तेव्हाही आलेले नव्हते. अल्बानियाने निकाल मानलाच नाही. ब्रिटननेही मग नाझींनी लुटलेलं अल्बानियाचं सोनं, जे युद्धानंतर मित्रराष्ट्रांच्या ताब्यात लंडनला होतं, ते अडकवून ठेवलं. दोन्ही देशांचे संबंध १९९१ मध्ये सुरू झाले, १९९२ मध्ये तडजोड झाली, अल्बानियाने २० लाख डॉलर द्यायचे आणि सोनं सोडवायचं. दीड टनाच्या वर सोनं १९९६ मध्ये परत गेलं. बिल फाडल्याला तोवर सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि ज्या बोटीचं बिल ती वितळून कुठल्या सळया-पत्र्यात गेली त्यालाही वीसेक वर्षं.

बंकरच्या फटीतून काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये आहे अजून, ब्लर आलाय.